आमच्या छपराचे वजन

आपल्या डोक्यावरच्या छपराचे वजन किती असेल, हा विचार तुमच्या मनात कधी आला आहे का? माझ्या तरी आला नव्हता. गेल्या ऑक्टोबरात आम्ही न्यू जर्सीतल्या आमच्या घराचे छप्पर बदलले आणि ते वजन मला बिलावर छापूनच मिळाले!

माझे माहेर कोकणातले. तिथे पावसाळ्याआधी घर शाकारायचे. माणसे वर चढून कौले परतायची, फुटकी तेवढी काढून त्या जागी नवी बसवायची. फुटलेली कौलेही वाया जात नसत. आई ती अळवाच्या आळ्याभोवती उभी खोचून ठेवी. इथे तसे नाही. इथल्या बहुतेक घरांवर डांबराचे खवले ठोकलेले असतात, त्यांना शिंगल म्हणतात. ते म्हातारे झाले की सगळेच्या सगळे खरवडून काढायचे आणि फेकायचे. फेकायचे कशात? तर डम्पस्टरमध्ये. म्हणजे ट्रकवरून येऊन दारात बसणारी, वरून उघडी, भली थोरली लोखंडी पेटी. टेनेसीतल्या नॉक्सव्हिल गावच्या जॉर्ज डेम्पस्टर यांनी १९३०च्या दशकात अशी ट्रकवर उचलता येणारी पेटी काढली. त्यांच्या आडनावावरूनच हे नाव पडले. पुढे ते त्या गावचे महापौरही झाले.

मुलांच्या खोलीत छताला चहा सांडल्यासारखा डाग दिसू लागला, तेव्हा आम्ही छपरवाल्याला बोलावले. त्याने दोन भाव सांगितले, राडारोडा उचलण्यासह एक आणि त्याशिवाय एक. फरक ६०० डॉलरचा. डम्पस्टर आपणच मागवला तर ४२० डॉलरमध्ये भागत होते. म्हणजे १८० डॉलर वाचले! तुम्हांला वाटेल, एवढ्याशा पैशाचे काय? पण डिसेंबरात आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते आणि मी जाणार होते. तिकिटासाठी बाजूला ठेवलेले पैसे छपराने खाल्ले, जाणे उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेले. मग दिसेल तिथे डॉलर वाचवायचा, असे मी मनाशी धरले होते.

फोनवरच्या बाईंनी विचारले, "दहा यार्डांचा हवा की वीस?" हे यार्ड म्हणजे घनयार्ड बरं का, एकात २७ घनफूट माल मावतो. थोडेसेच जास्त भाडे पडत होते, म्हणून मी वीस सांगितले. मोठे भांडे घेतलेले बरे, हा आपला स्वयंपाकघरातला नियम! त्या म्हणाल्या, "तीन टनांपर्यंतचे वजन भाड्यात धरले आहे. वर प्रत्येक टनाला शंभर डॉलर." तीन टन! मला तो आकडा डोंगराएवढा वाटला.

आता ऐका. शनिवारी मी इथल्या मुलांना गणित शिकवते, पण हे गणित काही मांडून पाहिले नाही. छपरवाले १०० चौरस फुटांना एक 'स्क्वेअर' म्हणतात. आमचे छप्पर २० स्क्वेअरचे. साध्या शिंगलचा एक स्क्वेअर सुमारे २३० पौंड भरतो. शिवाय आमच्याकडे थर दोन निघाले. आधीच्या मालकाने जुन्यावरच नवे ठोकले होते. (इथल्या नियमांत दोनांवर तिसरा थर चढवता येत नाही.) झाले ९,२०० पौंड. आणि अमेरिकन टन आपल्यासारखा हजार किलोंचा नसतो, तो २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा. थर किती, हे शिडीवर चढून छपराची कड पाहिली असती तरी आधीच कळले असते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पाहते तो पेटी अर्ध्याहून रिकामी. एवढी जागा फुकट कशी घालवायची? गॅरेजमधली अडगळ काढली. जुनी गादी, गालिचा, मोडके कपाट, सगळे त्यात. आमचे हे म्हणालेसुद्धा, "अगं, वजनाचं बघ." मी कुठली ऐकायला! रात्री पाऊस झाला. पेटीवर ताडपत्री नव्हती. गादी आणि गालिचा पोटभर पाणी प्याले. सकाळी वर एक सोफाही दिसला, तो आमचा नव्हता. कुणाचा, याचा अंदाज आहे, पण शेजार आहे, जाऊ दे.

वजनकाट्याची चिठ्ठी आली, ५.३ टन. म्हणजे २३० डॉलर जादा. १८० वाचवायला गेले आणि २३० भरून आले. चाकांखाली फळ्या घाला असे सांगायचे मला सुचले नाही, म्हणून दारातल्या फरशीला तडा गेला तो वेगळाच.

ट्रकवाला भला माणूस होता. त्याने सांगितले, "छपरासाठी दहा यार्डांचाच घ्यायचा आणि लागला तर दोनदा बदलून मागवायचा. माल जड असला की पेटी वजनाने भरते, डोळ्याला भरलेली दिसत नाही." आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती मला जास्त लागली. नुसते शिंगल असते, तर ते दळून रस्त्याच्या डांबरात घालणाऱ्या कारखान्याकडे नेता आले असते. गादी-सोफा मिसळलेला माल तिथे घेत नाहीत. तो गेला कचऱ्याच्या डेपोत.

तुमच्यापैकी कुणावर इथे ही वेळ आली, तर पेटी रस्त्यावर ठेवायची असल्यास गावच्या कचेरीतून परवाना लागतो का ते आधी विचारा. आणि काम संपल्यावर अंगणात लोहचुंबक फिरवून घ्या. आमच्याकडे फिरवूनसुद्धा मुलाच्या सायकलला खिळा लागलाच.

आईचे ऑपरेशन नीट झाले. वहिनीने सगळे केले. पट्टी निघाल्यावर आईने फोन केला. छप्पर नवे झाले म्हटल्यावर तिचा पहिला प्रश्न, "जुनी कौलं कुठे ठेवलीस गं?"

"रस्त्यात गेली असती, आई. पण मी त्यात गादी टाकली."

तिला काही उमगले नाही. जरा थांबून म्हणाली, "मुलांच्या खोलीतला डाग गेला ना?"

म्हटले, गळती थांबली. रंग द्यायचा राहिला आहे.