दोन रकान्यांचा पाऊस
(बीड जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेतल्या मॅडमची रोजनिशी, २०२४)

८ जुलै, सोमवार
तक्ता एकदाचा सुरू झाला. कोकणातल्या एका शाळेच्या सरांशी प्रशिक्षणात ओळख झाली होती. दोन्ही शाळांनी रोज सकाळी पाऊस मोजायचा आणि एकाच गुगल शीटमध्ये लिहायचा, हे तेव्हाच ठरलं. डावा रकाना आमचा, उजवा त्यांचा. पर्जन्यमापक म्हणजे सरळ उभी प्लॅस्टिकची बाटली, वरचा भाग कापून उलटा खोचलेला. तळ खालीवर असतो म्हणून खडे टाकून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरलं आणि बाहेरून पट्टी चिकटवली. चौथी-पाचवीच्या पोरांचा यात हात बसलेलाच आहे. टॅबवर मराठी टाइप करणं मात्र जड जातं, म्हणून माइक दाबून बोलायला शिकवलं. गोंगाट असला की भलतंच उमटतं, आणि पोरं मुद्दाम गोंगाट करतात.

शाळेची लाइट थकलेल्या बिलापायी कापलेली आहे. टॅब घरून चार्ज करून आणते, नेट माझ्या फोनच्या हॉटस्पॉटचं.

२२ जुलै, सोमवार
आमचा रकाना: ४. त्यांचा: १४२. वर्गाचं एकमत झालं, "लबाड बोलायलेत." पाचवीतल्या एकीने बाटलीचा फोटो मागवला. फोटो आला, सोबत पोरांचा निरोपही: बाटली भरून वाहू नये म्हणून ते दिवसातून दोनदा मोजतात. आपल्याकडे वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटर आणि कोकणात तीन हजारांच्या पुढे, हे मी फळ्यावर दरवर्षी लिहिते. पोरं ते दरवर्षी उतरवून घेतात. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यावर भांडलं.

२५ जुलै, गुरुवार
आमचे ४ रातोरात ४० झाले! शीटच्या इतिहासात बदलाची वेळ दिसते, नाव मात्र शाळेचंच, कारण एवढ्या लहान मुलांची वेगळी खाती मी काढलेली नाहीत, काढणारही नाही. वेळेवरून कोणाची पाळी होती ते कळलं. मी काही बोलले नाही. पोरांनीच त्याला घेरलं. तो म्हणाला, "त्यांच्यापुढं चार लिहायला लाज वाटती." यावर तास गेला, गणित राहिलं. शेवटी वर्गाने नियम केला: आकडा दोघांनी वाचायचा, तिसऱ्याने लिहायचा, दुसऱ्या गावाच्या रकान्याला हात लावायचा नाही. सामूहिक लेखनाची याहून चांगली नियमावली मला प्रशिक्षणात कुणी दिली नव्हती.

१० ऑगस्ट, शनिवार
सकाळच्या शाळेत व्हिडिओ कॉल. रेंज मिळते ती कडुलिंबाखाली, म्हणून वर्ग तिथेच भरवला. पहिली पाच मिनिटं दोन्हीकडची पोरं नुसती एकमेकांकडे बघत होती. मग तिकडच्या एका पोराने विचारलं, "तुमची नदी उन्हाळ्यात कुठे जाते?" आमच्यापैकी कुणाला उत्तर सुचेना. आमच्या पोरांचा प्रश्न रोखठोक होता, पावसाची सुट्टी खरंच मिळते का? मिळते म्हटल्यावर इकडे हळहळ. मधेच चित्र गोठलं, आवाज चालू राहिला, आणि गंमत म्हणजे तोंडं दिसेनाशी झाल्यावर पोरं जास्त मोकळी बोलली.

५ सप्टेंबर, गुरुवार
शिक्षक दिन. केंद्रशाळेतल्या भाषणांत परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव आलंच. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ, दहा लाख डॉलर, त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ जणांना. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड सगळ्यांना आठवतात. त्यांनी आपल्या वर्गाची परदेशातल्या वर्गांशी गाठ घालून दिली, त्याबद्दल कुणी बोलत नाही. कोड स्कॅन केला की पोर व्हिडिओ बघतं. उपयोगाचंच आहे, दीक्षा अ‍ॅपवरचं कितीतरी मीही दाखवते. पण व्हिडिओ पोराला "लबाड बोलतोस" म्हणत नाही, आणि पोरालाही व्हिडिओला तसं म्हणता येत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
काल विधानसभेचं मतदान झालं, रात्री उशिरा मशीन जमा करून परतले. आज वर्गात निम्मे बाक रिकामे. गळीत हंगाम सुरू झालाय, ऊसतोडीला नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या रात्रीच निघाल्या. काही पोरं आजीजवळ राहिलीत, काही आईबापांबरोबर गेली.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी वर्षभर सूचना टाइप करून टाकायची. उत्तर म्हणजे अंगठा, तोही बहुधा थोरल्या भावाचा. आजपासून लिहिणं बंद. आवाजात पाठवणार आणि आवाजातच मागवणार.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
काल रात्री साडेदहाला एका आईचा आवाज आला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज. "मॅडम, तिला पाढे येत नाहीत, आजीला काय कळतंय, तुम्ही बगा." सात वर्षांत ही बाई माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती, शाळेत आली की दाराबाहेर उभी राहायची. आज मुलीने सतराचा पाढा म्हणून परत पाठवला. मधे दोनदा अडखळली, पण पाठवला. हे गटावर नाही, थेट आईला. पोरांचे आवाज आणि फोटो गटावर फिरू द्यायचे नाहीत, हे मी पक्कं केलंय.

१४ डिसेंबर, शनिवार
पाऊस संपला, तक्ता थांबला, असं मी धरून चालले होते. सांगलीकडे फडावर गेलेल्या पाचवीतल्या पोराचा निरोप आला, "मॅडम, इथं धुकं पडायलंय, तक्त्यात कुठं लिहू?" कोकणातल्या सरांना विचारून तिसरा रकाना काढला. दव, धुकं, थंडी, जे दिसेल ते. तो वडिलांच्या फोनवरून सांगतो, इथले दोघं लिहितात. खरं तर तो जवळच्या शाळेत बसायला हवा, तसा त्याचा हक्क आहे. तिथल्या शिक्षकांचा नंबर शोधतेय.

२० डिसेंबर, शुक्रवार
केंद्रावरून डिजिटल शाळेची माहिती मागवली आहे. टीव्ही किती, टॅब किती, प्रोजेक्टर किती. भरून पाठवली. पुढच्या शिक्षण परिषदेत मी एवढंच मागणार आहे: नवा टीव्ही देऊ नका. शाळेचं वीजबिल भरा, आणि महिन्याचा नेटचा रिचार्ज शाळेच्या खर्चात धरा.