लेझरला अडवणारी काच

पांढरकवड्यात चष्म्याचं दुकान म्हणजे उन्हाचं गिऱ्हाईक. त्यामुळे फोटोग्रे काच माझ्याकडे बरी खपते. उन्हात काळी, सावलीत पांढरी. तीच डोक्यात ठेवून डीजे लावणाऱ्या एका पोरानं गणपतीच्या तोंडावर विचारलं, "काका, लेझर पडला का आपोआप काळा होते, असा चष्मा हाय का तुमच्यापाशी?"

प्रश्न खुळा नव्हता. २०२३च्या मिरवणुकांनंतर लेझरमुळे डोळ्याच्या पडद्याला इजा झालेल्या तरुणांच्या बातम्या राज्यभर आल्या होत्या. पुढच्या वर्षी पुण्यात पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझरवर बंदीही घातली. मी भाचीला फोन लावला. ती फिजिक्समध्ये एम.एस्सी. करते.

"मामा, फोटोग्रेला काळं व्हायला अर्धा मिनिट लागतो. तोही अतिनील किरणांनी. हिरव्या लेझरचं तिला काही सोयरसुतक नाही. पापणी मिटायलाच पाव सेकंद जातो, आणि प्रयोगशाळेतल्या लेझरचा एक झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागात संपतो!"

मग लेझरचे गॉगल? ते ठरावीक रंग कायमचाच गिळतात. हिरवा अडवणाऱ्या गॉगलमधून हिरवं काही दिसतच नाही. एरवी सगळं स्वच्छ दिसावं आणि झोत आला की तेवढ्यापुरतं अडावं, असा पदार्थ हवा. त्यावरचं काही तिनं मला वाचायला पाठवलं आणि माझी झोप उडवली.

आमच्या धंद्यात काच नव्वद टक्के उजेड सोडते म्हणजे सोडते. दिवा लहान की मोठा, हा प्रश्नच नसतो. अशा पदार्थात मात्र उजेड वाढला की टक्केवारीच घसरते! साठ कार्बन अणूंचा चेंडूसारखा रेणू, सी-६०, टोल्युइनमध्ये विरघळवला की जांभळा द्रव होतो. तो असं करतो हे टट आणि कॉस्ट या संशोधकांनी १९९२ साली 'नेचर'मध्ये दाखवलं. प्रकाशाचा एक कण गिळून उत्तेजित झालेला हा रेणू आधीपेक्षा जास्त प्रकाश गिळू लागतो. चव लागलेल्या पोरानं जिलेबीचं ताट ओढून घ्यावं, तसं. दुसरे काही पदार्थ एका वेळी दोन कण गिळतात. हे होऊ शकतं, असं मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ साली छापून आलेल्या आपल्या प्रबंधात लिहिलं होतं. पडताळा मात्र १९६१मध्ये आला, कारण त्यासाठी लागणारा लेझरच १९६०चा.

"मग हे काचेत भरून चष्मा का करत नाहीत?" मी विचारलं. तिचं उत्तर ऐकून मी गप्पच झालो, कारण ते माझ्याच धंद्यातलं होतं. डोळ्याचं भिंग समांतर झोत पडद्यावरच्या सूक्ष्म ठिपक्यात गोळा करतं. तिथे त्याची तीव्रता बुबुळावरच्यापेक्षा सुमारे लाखपट होते. असल्या क्षणिक झोताची सुरक्षित मर्यादा बुबुळावर दर चौरस सेंटिमीटरला एका मायक्रोज्यूलपेक्षाही कमी. हे द्रव जागे होतात ते मिलिज्यूलच्या घरात. म्हणजे बुबुळापुढच्या काचेत ते झोपलेलेच राहतात आणि पडदा जळून जातो.

म्हणून ते दुर्बिणीच्या पोटात बसवायचे, जिथे प्रकाश आधीच एका बिंदूत गोळा होतो. सैन्याच्या दुर्बिणींसाठी ही खटपट चालते, कारण अनेक रणगाड्यांवर अंतर मोजणारा १०६४ नॅनोमीटरचा लेझर असतो आणि त्याचा किरण डोळ्याला दिसतही नाही. टिपेश्वरला वाघ बघायला निघालेले लोक कधीमधी माझ्याकडे दुर्बीण पुसायला देतात. आता मी ती जरा जास्त वेळ हातात धरतो.

मिरवणुकीतला लेझर तर क्षणिक नाही, सलग असतो. त्याला हे क्षणात जागे होणारे पदार्थ फारसे दादच देणार नाहीत.

तेव्हा डीजेवाल्यांनो, असा चष्मा माझ्याकडे नाही, नागपुरातही मिळणार नाही. झोत माणसांच्या डोक्यांच्या वर ठेवा, आणि ते जमणार नसेल तर तो लावूच नका.