चाळीस तासांचा हिशेब

मुलाला ऑटिझम आहे हे कळल्यावर आईवडील थेरपीबद्दल जे पहिलं विचारतात, ते बहुतेक वेळा तासांचं असतं. आठवड्याला किती सेशन लावायची, जास्त लावली तर लवकर बोलेल का, नोकरी सोडून याच्याच मागे लागू का? त्यामागची धास्ती खरी आहे आणि वेळ दवडू नये ही जाणीवही बरोबर आहे. पण अशा मुलांसोबत थेरपीचं काम करताना माझं मत पक्कं होत गेलं आहे की तासांचं माप इथे फारसं उपयोगी नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या थेरपीत पाहायचं ते हे, की मुलाने केलेली बारीकशी खूण समोरच्या मोठ्या माणसाला दिसते का, आणि दिसल्यावर तो तिला उत्तर देतो का.

आठवड्याला चाळीस तास हा आकडा आला तो लॉस एंजेलिसहून. तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांनी १९८७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला चाळीस तास, दोन वर्षं किंवा अधिक काळ, एकास एक थेरपी मिळालेल्या १९ मुलांपैकी ९ मुलं सर्वसाधारण शाळेत पहिली पास झाली आणि त्यांचा बुद्ध्यांकही सर्वसाधारण पातळीवर आला. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेलं, मूल शिकू शकतं, हे त्या काळात इतक्या ठामपणे कोणी दाखवलं नव्हतं. ते श्रेय लोवास यांना द्यायलाच हवं. मात्र मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून केली नव्हती, आणि मुलाला दरडावणं, प्रसंगी मांडीवर चापट मारणं हाही त्या पद्धतीचा भाग होता. जगभर पोचला तो आकडा, या गोष्टी मागेच राहिल्या. पुढे संशोधक सॅली रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८७ लहान मुलांना आठवड्याला १५ किंवा २५ तास थेरपी देऊन २०२१ साली निष्कर्ष मांडले. केवळ तास वाढवल्याने मुलांच्या प्रगतीत फरक पडलेला दिसला नाही. २०२४ साली संशोधक मिशेल सँडबँक आणि सहकाऱ्यांनी १४४ अभ्यास एकत्र तपासले. तिथेही जास्त तास म्हणजे जास्त फायदा, असं नातं सापडलं नाही.

मग फरक कशाने पडतो? अडीच वर्षांचं मूल डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत बसलेलं असतं. जुन्या पद्धतीत ते झाकण काढून घ्यायचं, मुलाला टेबलाशी बसवायचं, ‘लाल दाखव’ म्हणायचं आणि बरोबर दाखवलं की बिस्किटाचा तुकडा द्यायचा. आता आपण फरशीवर त्याच्या समोर, त्याच्या नजरेच्या उंचीवर बसतो, दुसरं झाकण घेतो, ‘गर्रर्र’ म्हणत फिरवतो आणि थांबतो. हे थांबणं सगळ्यात अवघड असतं. झाकण खणखणत आडवं पडतं, मूल क्षणभर आपल्या हाताकडे बघतं. तेवढ्यावर आपण पुन्हा फिरवतो. चार-पाच खेपांनंतर झाकण हातात धरून नुसतं थांबलं, की मूल आपला हात ढकलतं, कदाचित ‘ग’ असा आवाज काढतं. ही त्याने केलेली मागणी आहे. वागण्याला फळ मिळालं की ते वागणं टिकतं, हे तत्त्व इथेही तेच आहे. फक्त फळ म्हणजे बाहेरून आणलेलं बिस्किट नाही, त्याला हवं असलेलं फिरणारं झाकणच आहे. म्हणून हे शिकणं टेबलापाशी अडकत नाही, आंघोळीच्या बादलीपाशी आणि जिन्यावरही होतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे: म्हणजे सगळा भार पुन्हा आईवरच ना? भार पडतो, आणि बाबा, आजी-आजोबा यांनी तो वाटून घ्यायलाच हवा. पण आईला थेरपिस्ट बनवून रोज दोन तासांचा गृहपाठ देणं वेगळं आणि जेवण, कपडे, खेळ या चालू गोष्टींत कुठे थांबायचं हे दाखवून देणं वेगळं. गोव्यात आणि रावळपिंडीत ६५ मुलांवर झालेल्या चाचणीत तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांच्या खेळाचे व्हिडिओ त्यांच्यासोबत बसून पाहिले. २०१६ साली छापून आलेल्या निष्कर्षांत पालक मुलाच्या कलाने वागू लागल्याचं आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागल्याचं दिसलं. सगळी मापं सुधारली नाहीत. पालक आणि मूल दोघांनी मिळून एकाच गोष्टीत लक्ष घालण्याचा वेळ तर घटला. तरीही मोठ्या शहरातल्या महागड्या सेंटरबाहेरही हे काम होऊ शकतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरा आक्षेप मोठ्या झालेल्या स्वमग्न व्यक्तींचा आहे आणि तो मी अधिक गंभीरपणे घेते. डोळ्यांत बघायला लावणं, हात फडफडवणं बंद करणं, चाळीस मिनिटं हूं की चूं न करता बसवणं यांतून मूल फक्त वेगळेपण लपवायला शिकलं, असं ते सांगतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. हात फडफडवल्याने कोणाला इजा होत नसेल, तर ते थांबवण्याचं उद्दिष्ट फाइलमध्ये लिहूच नये. डोकं आपटणं, रस्त्यावर धावत सुटणं, पोटात दुखतंय हे सांगता न येणं, यांवर मात्र नेटाने काम व्हायला हवं, आणि अशा मुलाला जास्त तास लागले तर जरूर द्यावेत.

तेव्हा पालकांनो, सेंटर निवडताना तासांचा दर नंतर विचारा. आधी विचारा, मला आत बसता येईल का, आणि मूल ‘नको’ म्हणून तोंड फिरवतं तेव्हा तुम्ही काय करता? पहिल्याला नकार मिळाला किंवा दुसऱ्याला नीट उत्तर मिळालं नाही, तर तिथे पैसे भरू नका.