एस्थर आणि रामराजा

परवा सांगलीला मावशीकडे सगळी भावंडं जमली होती. रात्री कुणीतरी ‘ऑर्फन’ लावला. २००९चा सिनेमा. अनाथाश्रमातून नऊ वर्षांची एस्थर एका घरात येते आणि ते घर नासवते. (ती खरंच नऊ वर्षांची आहे का, ते सांगत नाही, चिडाल!) इझाबेल फर्मननं काम मात्र जबरदस्त केलंय. तिकडे अमेरिकेत दत्तक पालकांनी आक्षेप घेतला म्हणून ट्रेलरमधलं एक वाक्य बदलावं लागलं होतं.

मावशीची मुलगी दत्तक आहे. दहावीत आहे. उशी पोटाशी धरून बघत होती. कुणीतरी म्हणालं, "बघ गं, तुझीच ष्टोरी!" सगळे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात शिरताना अजिंक्यतारा दिसला आणि रामराजा आठवला. ताराबाईंनी नातू म्हणून पुढे आणलेला, लपूनछपून वाढलेला पोरगा. शाहू महाराजांनंतर १७५०च्या जानेवारीत गादीवर बसला. पेशव्यांविरुद्ध आपलं ऐकत नाही म्हटल्यावर त्याच नोव्हेंबरात आजीनंच त्याला किल्ल्यावर कैद केलं. वर म्हणाली, हा माझा नातूच नव्हे, तोतया आहे! घरात येणाऱ्यानं घर बुडवल्याचे सिनेमे निघतात. घरानं त्याला बुडवल्याचा कोण काढणार?

असो. घरी पोचल्यावर तिला फोन लावला. कालचं ते बोलणं... मी सुरुवात केली.

"कुठलं रे दादा? मी तर झोपले होते."

झोपली नव्हती.