करंगळी तेवढी शहाणी

झटका बसणार हे तंत्रज्ञ मुलीने आधीच सांगितलं होतं, तरी अंगठा उडाला तेव्हा दचकलेच. मी काही त्याला उडायला सांगितलं नव्हतं. ''मॅडम, हात सैल सोडा,'' म्हणत तिने पुन्हा बटण दाबलं. त्याआधी माझा गारठलेला हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून झाला होता. थंड हातात नस मुळातच मंद चालते, आणि मग एनसीव्हीचे, म्हणजे नसेचा वेग मोजणाऱ्या या तपासणीचे, आकडे फसवतात.

कोपरापासून मनगटापर्यंत वेग सेकंदाला 54 मीटर, ठणठणीत. मनगटापासून अंगठ्याच्या उंचवट्यापर्यंतच्या चार बोटं अंतराला मात्र 6.1 मिलिसेकंद, साडेचारच्या आत यायला हवं होतं. मग अनामिकेत दोन कड्या अडकवल्या. या बोटाची अर्धी बाजू एका नसेची, अर्धी दुसरीची. मनगटापासून अंतर तेवढंच ठेवून दोघींना आळीपाळीने झटका दिला, तर करंगळीकडची वेळेवर पोचली आणि अंगठ्याकडची रेंगाळली.

''करंगळीला मुंग्या येत नाहीत ना?'' मुलीने विचारलं.

आई म्हणायची, ''करंगळी तेवढी शहाणी, बाकीच्या मेल्या.''

सोलापूरला आमच्या घरी रात्री दोन-तीनच्या सुमाराला आई उठून बसायची आणि दोन्ही हात झटकायची, ओल्या हाताचं पाणी झटकावं तसे. दिवसभर मांडीवर सूप. भिजवलेली तेंदूची पानं फर्म्याच्या मापाने कातरायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. हजार विड्यांवर मजुरी. कारखान्यात तपासणारा माणूस मूठभर विड्या उचलून दाबून बघे आणि ढिल्या निघालेल्या बाजूला टाके. ती छाट. तिचे पैसे नाहीत. ''बाई, हातात जोर नाही का? का लक्ष नाही?'' मी तिच्या पदराला धरून उभी असे. त्या माणसाची अंगठी मला अजून दिसते, आणि अजूनही राग येतो.

मनगटातल्या एका अरुंद बोळातून नऊ स्नायुरज्जू आणि अंगठ्याकडची ही नस जाते. रज्जूंना सूज आली की दाब नसेवर. पुढेपुढे अंगठ्याखालचा मांसल भाग वाळतो. आईच्या हातावर तिथे खळगा होता. मुंबईतल्या एका डॉक्टरांनी तो न बघताच वाताच्या गोळ्या दिल्या होत्या.

नसेचा वेग मोजणं तसं जुनंच. 1850 साली हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाने क्योनिग्सबर्गला बेडकाच्या नसेतला वेग मोजला, सेकंदाला साधारण 27 मीटर. त्याचे गुरू योहानेस म्युलर यांना हे कधी मोजता येईलसं वाटलं नव्हतं. प्रयोग चालू असताना आकडे टिपून घ्यायला त्याची बायको ओल्गा असे. बेडकाचा पाय उडतो, नवरा आकडा सांगतो, ती लिहिते. या दुखण्यात नसेचा संदेश नेमका मनगटाशी अडतो, हे मोजून दाखवायला मात्र 1956 उजाडलं. म्हणजे आई विड्या वळायला बसली तेव्हा ही तपासणी जगात होती. सोलापूरच्या पूर्व भागात नव्हती, एवढंच.

माझ्या बाळंतपणाआधीचे दोन महिने माझेही हात असेच रात्री झोपत. आई शेजारी बसून चोळायची. ''मोकळी झालीस की जाईल,'' म्हणाली, आणि गेलं. तिचं जाणार नाही हे तिला ठाऊक असावं. आता माझ्या बाबतीत डॉक्टर थायरॉइडला दोष देतात, मुलगा कॉम्प्यूटरला. दोघांचंही खरं असेल.

आईला हेच होतं, हे आता कुठल्याच यंत्राने सिद्ध होणार नाही. पण शहाणी करंगळी, रात्रीचं झटकणं, तो खळगा, हे सगळं जुळतं. ढिली विडी आळसाने वळली जात नव्हती. दोरा ओढताना अंगठा हवा तेवढा दाबतच नव्हता.

आणि एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती. छाट परत मिळत नसे. मजुरी कापायची आणि विड्याही ठेवून घ्यायच्या. आईने एकदा विचारलं होतं, ''वाईट आहेत तर द्या की मला परत, चुलीत घालते.'' तपासणारा हसला आणि पुढच्या बाईचं सूप ओढलं. पान आमच्या हातचं, वळणं आमचं, आणि त्या विड्या सुट्ट्या विकून आलेले पैसे कुणाच्या खात्यात पडत, हे मजुरीच्या वहीत कुठेच लिहिलेलं नसे. ती वही मी दोनदा चोरून वाचली होती.