अरादची अमावास्या

२०२४ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन गुरुवारी की शुक्रवारी, यावर पंचांगकर्त्यांत चांगलीच जुंपली होती. अमावास्या ३१ ऑक्टोबरला दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी लागली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. लक्ष्मीपूजनाला अमावास्या हवी प्रदोषकाळी, म्हणजे सूर्यास्तानंतर. १ नोव्हेंबरला मुंबईत सूर्य सहानंतर पाचेक मिनिटांनी मावळतो, म्हणजे शुक्रवारच्या प्रदोषाला अमावास्येचा नुसता स्पर्श झाला. तेवढ्या दहा मिनिटांवर महाराष्ट्रातल्या बहुतेक पंचांगांनी शुक्रवार पक्का केला. आता हाच हिशेब अरादला नेऊन पाहावा. अराद म्हणजे बहारीनच्या मुहर्रक बेटावरची, विमानतळाला खेटलेली वस्ती. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणून तीच अमावास्या तिथे शुक्रवारी दुपारी पावणेचारलाच संपली. सूर्य मावळला पाचच्या थोडं आधी. मधे तासाहून जास्त अंतर राहिलं. त्याच शास्त्राने अरादचं लक्ष्मीपूजन बिनबोभाट गुरुवारचं ठरतं. पण तिथल्या मराठी घरांत भिंतीवर टांगलेलं कालनिर्णय शुक्रवार सांगतं, गावाकडची माणसं शुक्रवारीच पूजा मांडणार असतात, आणि बहारीनमध्ये २००६ पासून साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारची. शुक्रवारचा मोह तिहेरी आहे.

परदेशात सण ‘सोयीने’ होतात, असं इकडचे लोक किंचित नाक मुरडून म्हणतात. सोय असतेच, दिवाळीची सार्वजनिक सुटी नसलेल्या देशात माणसं दुसरं काय करणार? मात्र या टीकेमागे असं गृहीत असतं की खरी तिथी मुंबई-पुण्यात असते आणि बाकी जगात तिची नक्कल जाते. मला हे गृहीतच चुकीचं वाटतं. तिथी सुरू होण्याचा क्षण सगळ्या पृथ्वीला एकच, पण सणाचा दिवस ठरवतो तो त्या त्या गावचा सूर्य किंवा चंद्र. गणेशचतुर्थीला मध्यान्ह पाहायचा, संकष्टीला चंद्रोदय, आणि एरवीच्या बऱ्याच व्रतांना सूर्योदय. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ गावागणिक निराळी छापतात, नागपूरकर रत्नागिरीच्या चंद्रावर उपास सोडत नाही, आणि त्यात कुणाला धर्म बुडाल्यासारखं वाटत नाही. मग अराद हे आणखी एक गाव, इतकंच. गंमत नरकचतुर्दशीच्या पहाटेची. घड्याळ अडीच तास मागे असलं, तरी रेखांशांतलं अंतर जेमतेम बावीस अंशांचं, म्हणजे सूर्य तिथे दीडच तास उशिरा उगवतो. घड्याळापेक्षा सूर्य तासभर पुढे! दिवाळीच्या दिवसांत मुंबईत साडेसहाच्या पुढेमागे उजाडतं, तर अरादमध्ये साडेपाचच्या पुढेमागे. उटणं लावून सूर्योदयाआधी अंघोळ उरकायची तर अरादच्या पोरांना घड्याळाच्या हिशेबाने आपल्या पोरांच्या तासभर आधी उठावं लागतं, आणि त्या दिवशी शाळाही असण्याचा संभव. सोयीने सण करणारे म्हणतात ते हेच का?

यावर आक्षेप येईल की सण म्हणजे गणित नव्हे. घरची माणसं एका वेळी पाया पडतात, त्यात सण आहे. आक्षेप खरा आहे आणि वजनदारही. पण फोनच्या पडद्यावर ती एक वेळ साधली, तरी मुंबईत दिवे लागतात तेव्हा अरादच्या खिडकीत अजून उतरतं ऊन असतं. त्या उन्हात लक्ष्मी पुजावी, की मुंबईची पूजा डोळे भरून पाहावी आणि आपली आपल्या सूर्यास्ताला करावी? मला दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं. शुक्रवारी सभागृहात पैठण्या नेसून आणि फराळ वाटून जे स्नेहसंमेलन होतं, ते खुशाल शुक्रवारी व्हावं. त्याला प्रदोष लागत नाही. (जाता जाता: दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना अरादचा किल्ला आयता नमुना आहे, चौकोनी आणि चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज. पण सपाट जमिनीवरचा किल्ला मराठी मनाला किल्ला वाटत नाही. खाली डोंगर हवा.)

बहारीनचा स्वतःचा चंद्रही आहेच. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, अधिक मास नाही, म्हणून त्यांचे सण दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकत सगळे ऋतू फिरून येतात. बकरी ईदच्या आदल्या दिवशी तिथली मुलं ‘हिया बिया’ करतात: खजुरीच्या पातीच्या इवल्या टोपलीत गहू किंवा जव पेरायचे, रोज पाणी घालून वाढवायचे, आणि त्या दिवशी गाणं म्हणत टोपली समुद्रात सोडायची. घटाशेजारी धान्य पेरणाऱ्या मराठी घराला हे समजावून सांगावं लागणार नाही. २०१४ साली ३ ऑक्टोबरला तर दसरा आणि हा हिया बियाचा दिवस एकच आला होता, आणि वारही शुक्रवार. एकीकडे घटातले कोवळे कोंब टोपीत खोवायचे, दुसरीकडे तसेच कोंब लाटांवर सोडायचे. असा योग पुन्हा जवळपास तेहतीस वर्षांनी यायचा. एवढी फुरसत असताना दोन्ही घरच्या मुलांनी एकमेकांकडे कोंब कोणाचे उंच हे पाहायला जायला काय हरकत आहे? गव्हापेक्षा जव लवकर वर येतो, असं माझं मत आहे.