ओसाकाचा सिमेंटचा किल्ला

ओसाका

ती. काकांस,


सिमेंटचा किल्ला बघायला जपानपर्यंत कशाला जायचं, असं तुम्ही म्हणणार. तसं म्हणणारे इथेही भेटतात. ओसाका किल्ल्याचा मुख्य मनोरा १९३१ सालचा, पोलाद-काँक्रीटचा. आत लिफ्ट आणि आठ मजली संग्रहालय. त्यापेक्षा हिमेजीचा किल्ला बघा, सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं अस्सल लाकूडकाम आहे, हा ठरलेला सल्ला. हिमेजी थोर आहेच. तरीही ओसाकाला एकच दिवस मिळाला, तर तो या ‘नकली’ किल्ल्यापासून सुरू करावा, असं माझं मत आहे.

जरा सनावळ्या मांडून बघा. तोयोतोमी हिदेयोशी या सरदाराने १५८३ साली काम काढलं. त्याचा मनोरा १६१५ च्या वेढ्यात जळाला. जिंकलेल्या तोकुगावा घराण्याने त्याचे तट मातीखाली गाडून वर आपला किल्ला बांधला, आणि १६६५ साली वीज पडून त्यांचाही मनोरा गेला. दोघांपैकी एकालाही धड चाळीस वर्षं लाभली नाहीत. पुढे अडीचशेहून अधिक वर्षं जोतं रिकामंच होतं. आजचा मनोरा ओसाकाकरांनी वर्गणी काढून उभारला; १९४५ च्या बॉम्बवर्षावातून तो वाचला आणि त्याने नव्वदी ओलांडली. सरदारांनी बांधलेले गेले, नागरिकांनी बांधलेला टिकला. मग खरा कुठला?

नुसतं वय वाढल्याने नकलेचं अस्सल होत नाही, हे मान्य. खालचे मजले तोकुगावांच्या धाटणीचे पांढरे, सर्वांत वरचा हिदेयोशीच्या थाटाचा, काळ्यावर सोनेरी वाघ. ही सरमिसळ मला पटलेली नाही. पण जुनेपण हवं असेल तर ते पायाशी, तटात आहे. साकुरा दरवाज्याच्या आत ‘ताकोइशी’ नावाची एकच शिळा आहे, वजन अंदाजे शंभर टन, दर्शनी भाग साठ चौरस मीटरच्या आसपास. खालच्या कोपऱ्यात ऑक्टोपससारखा डाग, म्हणून हे नाव. बहुतेकजण मनोऱ्याकडे कॅमेरा रोखून तिच्या समोरून निघून जातात!

शितेन्नोजी मंदिराचंही तेच. स्थापना ५९३ ची, आजच्या मुख्य इमारती युद्धानंतरच्या काँक्रीटच्या. पण दरवाजा, पॅगोडा, सुवर्णमंडप, व्याख्यानमंडप एका सरळ रेषेत, ही मूळ आखणी अजून मोडलेली नाही. दोतोन्बोरीच्या कालव्यावरचा ग्लिको कंपनीच्या जाहिरातीतला धावपटू तर १९३५ पासूनचा, आणि आजची पाटी सहावी.

म्हणून याल तेव्हा मनोऱ्याचं तिकीट काढाच. त्याआधी ती शिळा बघा. तिला तिकीट नाही.

आपला,
पुतण्या